ज्याची जमीन, त्याचा बिबट्या

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागतो. नववीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण बोरीतल्या आमच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरींपेक्षा किस्से जास्त साठलेत. मोटरी लोक परत नेतात, किस्से इथंच टाकून जातात!

त्यातले निम्मे सुधीरभाऊंचे. पुण्यातली कंपनी सोडून ते गावी शेती करायला आले. जाडजाड पुस्तकं वाचतात. म्हणणं एकच. जमीन ज्याची त्याची. मालकाला विचारल्याशिवाय तिच्यात कुणी पाय टाकायचा नाही, सरकारनं तर नाहीच नाही. मला ते पटतं. पण चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मी कॉइल भरत ऐकतो.

एकदा भाऊ रंगात आले होते. "माझा कांदा कधी विकायचा, कुठं विकायचा, ते मी ठरवणार. सरकारनं फक्त बाजूला व्हावं!"

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला.

दुकानाचे मालक नाना शांतपणे म्हणाले, "घ्या भाऊ, झालं बाजूला!"

सगळ्यात मोठ्यांदा हसले ते भाऊच.

*

कोंडाजीबाबांची मेंढरं आहेत. पीक निघालं की लोक त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंडीखत मिळतं.

भाऊ सांगत होते, "मुळात जमीन कुणाची होते? जो तिच्यात आपले कष्ट मिसळतो, त्याची."

बाबांनी तंबाखू मळत विचारलं, "मंग आमच्या मेंढरांनी तुमच्या बापाच्या वक्तापासनं तुमच्या रानात जे मिसळलंय, त्याचं काय?"

दुकान हसून लोळायचं बाकी राहिलं. भाऊ मात्र चहा संपेपर्यंत विचार करत बसले. मग म्हणाले, "बाबा, याचं उत्तर माझ्याकडं नाही."

असं मोकळेपणानं कबूल करणारा शिकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

मग भाऊंच्या उसात बिबट्या शिरला.

भाऊंचं मत असं, की जंगलालाही खाजगी मालक पाहिजे, म्हणजे जनावराची जबाबदारी कुणावर तरी येईल. नानांना आयतंच सापडलं. "आता तो तुमच्या रानात हाय. म्हंजे तुमचाच! सातबाऱ्याला नाव लावून घ्या त्याचं."

"आधी त्याला विचारा," भाऊ म्हणाले, "तो मला मालक मानतो का!"

*

बिबट्या गेला, पण भाऊंनी धसका घेऊन सगळ्या रानाला तारेचं कुंपण घातलं. त्यांच्या रानामागं आमचा बारा गुंठ्यांचा तुकडा आहे. तिकडं जायची वाट भाऊंच्या बांधावरूनच होती. ती बंद झाली. आई डोक्यावर रोपांची पाटी घेऊन ओढ्यातून जायला लागली. एकदा घसरलीही. मी भाऊंना काही बोललो नाही. रोज समोर बसायचे, तरी बोललो नाही.

शेवटी कोंडाजीबाबांनीच दुकानात तोंड उघडलं. "भाऊ, लई भारी तार लावली राव. ह्याची आय वढ्यातून जाती आता, गुडघाभर पाण्यातनं."

भाऊंचा चेहरा उतरला. "अरे, मला बोलला का नाहीस?"

"तुमची जमीन आहे," मी म्हणालो.

"तहसीलदाराकडं अर्ज टाक," नाना मला म्हणाले. "वाट गप मिळंल."

मला भांडण नको होतं. भाऊंना वाईट वाटू नये म्हणून मी आईचं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं. "आई म्हणते, असू दे. त्यांची नदीवरची पाइपलाइन आपल्या रानाखालून जाते. त्यांच्या वडिलांनी टाकली तेव्हा कुठं विचारलं होतं? आपण बोललो का?"

भाऊ उठले आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेले.

संध्याकाळी आई रानातून बांधावरूनच आली. तार कापून माणूस जाईल एवढी वाट केली होती. पण नदीवरची भाऊंची मोटर बंद होती. लाईट असून बंद. त्यांची कांद्याची लागण नुकतीच झालेली, रोपं माना टाकायला लागली होती.

आमच्या बांधाबाहेर भाऊ चपला हातात घेऊन उभे राहिले होते म्हणे. आईला विचारत होते, "काकू, तुमच्या रानाखालून माझं पाणी नेऊ का?"

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मी नुसती हसले. तर ते तसंच मागं फिरलं," आई म्हणाली. "येडं हाय का रं ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायच्या आधी मी नदीवर गेलो आणि भाऊंची मोटर चालू केली.