टेक्लाबाईंची शिरगणती

हारालांबी गोन्त्सा आपल्या पायांनी अंगणात आला, तेव्हा टेक्लाबाई द्राक्षाच्या वेली बांधत होत्या. सालचिनी गावचा हा सरपंच एके काळी त्यांचाच विद्यार्थी. गणितात ढ, पण बोलण्यात पटाईत.

"बाई, यंदाच्या जनगणनेला आपल्या गावासाठी तुमचंच नाव दिलंय मी. घरोघर फिरायला विश्वासाचं माणूस हवं."

"माझ्यावर विश्वास आहे तुझा?"

"म्हणजे काय! गावावर तुमच्याइतकी माया कुणाची?" मग त्याने आवाज खाली आणला. "दीड हजाराच्या आत आकडा गेला तर आपल्याला पलीकडच्या बुर्देनी गावाला जोडतील. सरपंच त्यांचा, कचेरी त्यांची. माझ्या यादीत सोळाशे चाळीस माणसं आहेत. तेवढं सांभाळून घ्या."

बाईंनी वेलीची गाठ करकचून आवळली. "नीट मोजते," म्हणाल्या.

नऊ वर्षं त्या अशा एका संधीवर डोळा ठेवून होत्या.

त्या शाळेत लागल्या तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या होत्या आणि एकेका बाकावर तीन-तीन पोरं दाटीने बसत. पुढे मोल्दोव्हा स्वतंत्र देश झाला, सामुदायिक शेती मोडली, हाताला काम उरलं नाही. आधी बापे मॉस्कोला गेले, मग बाया इटलीतल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्या, मग त्यांनी लेकरंही नेली. होता होता सगळ्या शाळेत मिळून तेवीस मुलं राहिली. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद, असा हुकूम होता.

त्या फेब्रुवारीत गावात तापाची साथ होती. नेमका तोच आठवडा साधून हारालांबी एका अधिकाऱ्याला घेऊन वर्गात आला. सहा मुलं अंथरुणात. बाई हजेरीपट पुढे करत राहिल्या, पण तो हसत म्हणाला, "बाई, बाकावर दिसतात तेच मोजायचे. नसलेल्यांना कुठवर धरून बसणार?"

सतरा लिहून ते निघून गेले. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं, आणि शरदात त्याच वर्गांत हारालांबीच्या मेहुण्याने अक्रोडांचं गोदाम थाटलं.

बाईंची लेक लिलियाना तोवर मुलाच्या शाळेच्या आधारावर गावात टिकून होती. तिने सात वर्षांच्या मुलाला, दोरिनला, बरोबर घेतलं आणि इटलीतल्या पादोव्हाची बस धरली. दोरिन आता सोळाचा झाला होता. फोनवर आजीशी इटालियन मिसळून बोलायचा. बाईंना त्यातलं निम्मं कळायचं नाही; त्या नुसतं "हो रे, हो" म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर हारालांबीच्या नावाने बोटं मोडायच्या.

एप्रिल-मेमध्ये बाईंनी गावातला एकेक दरवाजा ठोठावला. वर्षाहून जास्त काळ परदेशी असलेला माणूस धरायचा नाही, असा नियम होता. कितीतरी फाटकांना गंजलेली कुलपं होती, विहिरीच्या रहाटावर वेल चढले होते. सरपंचाच्या यादीत तिथे पाच-पाच माणसं नांदत होती. बाईंनी शून्य लिहिलं.

म्हाताऱ्या मित्रोफानने तर त्यांच्यापुढे मक्याच्या पिठाची घट्ट मामालीगा आणि चीज ठेवलं, वाइन ओतली आणि हात जोडले. "माझे तिघे पोरगे लिही गं. ईस्टरला येणारेत."

"गेल्या ईस्टरला आले होते?"

"रजा नव्हती त्यांना."

"मग एकच लिहिते, दादा."

"जिवंत लेकरं खोडतेस? तुझा हात कसा धजतो?"

तरी बाईंनी एकच लिहिलं. स्वतःच्या घराचा फॉर्म भरतानाही एकच. लिलियाना आणि दोरिनच्या नावांपाशी त्या बराच वेळ थांबल्या, पण ती लिहिली नाहीत. एवढं जरी खोटं घातलं असतं, तरी हारालांबीला बोट दाखवायला जागा मिळाली असती.

बेरीज झाली एक हजार बहात्तर.

आकडे जाहीर झाले त्या दिवशी हारालांबी फाटकावर येऊन आदळला. चेहरा बिटासारखा लाल.

"बाई, पाचशेहून जास्त माणसं गिळलीत तुम्ही! गाव बुडवलंत!"

"गिळली नाहीत. तुझ्याकडूनच शिकले. बाकावर दिसली तेवढी मोजली."

तो क्षणभर गोंधळला, मग त्याला उमगलं. "त्या शाळेपायी? नऊ वर्षं हे पोटात ठेवलंत?"

"नऊ वर्षं मला नातू दिसला नाही, हारालांबी. त्यामानाने तुला स्वस्तात सोडलं. फेरमोजणी माग हवी तर. मी स्वतः येते बरोबर, एकेक कुलूप दाखवायला."

त्याने फेरमोजणी मागितली नाही. पुढच्या वर्षी सालचिनी बुर्देनीला जोडलं गेलं. कचेरीवरची पाटी उतरवताना हारालांबी आलाच नाही. साध्या दाखल्यासाठीही आता चौदा किलोमीटर जावं लागतं, आणि लोक त्याबद्दल बाईंना तोंडावर शिव्या घालतात. त्या ऐकून घेतात. मित्रोफान मात्र चर्चमध्ये त्यांना पाहून बाक बदलतो; तेवढं त्यांच्या जिव्हारी लागतं.

त्या शरदात हारालांबीनेही सामान व्हॅनमध्ये भरलं आणि मुलाकडे जर्मनीला जायला निघाला. बाई कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. त्याने काच खाली केली.

"येतो, बाई."

व्हॅन वळणापलीकडे जाईपर्यंत बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग तळघरात जाऊन चांगल्यातल्या वाइनचा एक पेला भरून आणला आणि दारातल्या बाकावर बसून सावकाश, घोटाघोटाने संपवला.