रांजणवाडी आणि चांगला डोळा

उजव्या डोळ्याच्या पापणीला रांजणवाडी आली ती नेमकी डोळे तपासायच्या आठवड्यात. चाकणच्या कंपनीत माझं काम बघण्याचं. गाडीत बसवायचे लोखंडी भाग पांढऱ्या दिव्याखाली फिरवून बघायचे. ओरखडा दिसला की लाल खोक्यात, नाहीतर पुढे. शुक्रवारी डॉक्टर आमचे डोळे तपासणार होते आणि त्यात पास झाले तर मी कायम होणार होते. त्यामुळे पापणीवरच्या त्या एवढ्याशा फोडाने माझी झोप उडवली होती.

निगडीच्या आमच्या घरात सासूबाईंनी सकाळीच सहाण काढली. "खारकेची बी उगाळून लाव. दुसरं काय बी लावायचं न्हाई," म्हणाल्या. थंडगार लेप बसला, बरं वाटलं. कंपनीच्या बसमध्ये बसले तोच राजगुरुनगरहून आईचा फोन. "थंड काही लावू नकोस, आत दबून बसेल. गरम पाण्यात कापड पिळून शेक." आता दबणं चांगलं की वाईट, हेच मला कळेना. दोघींनी मुलं वाढवलीत, दोघींच्याही मुलांचे डोळे शाबूत आहेत. मग खरं कोणाचं मानायचं? एकीचं ऐकावं तर दुसरी रुसणार, म्हणून मी दोन्ही केलं. सकाळी थंड, संध्याकाळी गरम. रांजणवाडीही बिचारी गोंधळली असावी. ती धड पिकेना, धड बसेना.

लाइनवर माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई मूळच्या बीडकडच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. चहाच्या सुट्टीत त्यांनी दोन्ही उपाय निकालात काढले. "काही लावू नको बाई. बोट तळहातावर घास, चटका बसेल इतकं घास, अन् टेकव पापणीला. लेकरांना आम्ही हेच करतो." सोपं होतं, आणि सासर-माहेरच्या भांडणातलं नव्हतं. मी हातमोजे काढले, बोट तापवलं आणि टेकवलं. पुन्हा पुन्हा टेकवलं. एक गोष्ट मात्र आम्ही दोघीही विसरलो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक भागाला गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं. हातमोजे असले तरी ते तेल बोटांपर्यंत पोचतंच, आणि त्याचा वास आम्हाला कधीचा यायचा बंद झालाय.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजून पार मिटला. सासूबाई म्हणाल्या, शेकल्यामुळे. आई म्हणाली, लेपामुळे. तेलाचं माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला तिघींचाही राग आला, आणि सगळ्यात जास्त माझाच. सुट्टी घ्यावी तर तपासणी तोंडावर. तशीच कामावर गेले.

तिथे खरी पंचाईत झाली. डाव्या, चांगल्या डोळ्याने बघायला लागले तर हा ओरखडा की दिव्याची चमक, ठरवता येईना. दिवा पुसला. भाग पुसला. डोळा धुऊन आले. सगळं तसंच धुकट. या डोळ्यातही तेल गेलं का? की रांजणवाडी इकडेही येतेय? की मघाशी बाथरूममध्ये रडले, त्याने? काही सुचत नव्हतं. ताई माझ्या पुढ्यातले भाग आपल्याकडे ओढून पुन्हा बघत होत्या.

शुक्रवारपर्यंत सूज उतरली, पापणी थोडी उघडायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय लावलंत?" मी सांगत गेले तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता काही लावू नका. हात धुऊन, स्वच्छ कोमट पाण्याने नुसतं शेका. चोळायचं नाही, फोडायचं नाही." मग त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरच्या एक-दोन ओळींच्या खाली मला काही लागेना.

"तेलामुळे असेल," मी म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली, डोळ्यापुढे एक काच धरली, आणि अक्षरं स्वच्छ दिसायला लागली. मग डावा डोळा झाकला. त्या सुजलेल्या पापणीखालून मी काच न लावताच शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"हा डावा जुनाच अधू आहे," ते म्हणाले. "उजव्यावर भागत होतं म्हणून तुम्हाला कळलं नाही. चष्मा करून आणा, मग सही करतो."

चष्मा केला आणि मी कायम झाले. रांजणवाडी पुढे बसून गेली. सासूबाई त्याचं श्रेय खारकेला देतात, आई शेकाला, आणि डॉक्टरांनी शेकच सांगितला म्हणून आईचा आवाज जरा चढलेला असतो. मी कुणाचंच खोडून काढत नाही.

सगळं घर ज्या डोळ्याच्या मागे लागलं होतं, तोच धड होता. अजून कधीकधी लाइनवर मी चष्मा काढते, उजवा डोळा हाताने झाकते आणि हातातला भाग बघते. त्यावर काहीच दिसत नाही. ताईंनी पुन्हा बघितलं नसतं तर त्या दिवशी या 'चांगल्या' डोळ्याने मी काय काय पुढे सोडलं असतं, या विचाराने भीती वाटते. मग चष्मा लावून तो भाग मी पुन्हा पहिल्यापासून बघते.