बाटलीले गुंडाळलेला ओला दुपट्टा

मित्रहो, आज यवतमाळात पारा पंचेचाळीसवर होता. मी वेटर हाओ. एका साहेबानं जेवणासोबत रेड वाइन लागते म्हणून सकाळीच फोन केलता.

फ्रिजमधी ती फार गार होते, बाहेर तापते. म्हणून बाटलीले माझा दुपट्टा ओला करून गुंडाळला अन् कूलरसमोर ठेवली.

साहेबानं बाटलीले हात लावला. "थंडी कायले केली? रेड वाइन रूम टेम्परेचरलेच पेतेत. दुसरी आण."

मी म्हटलं, "साहेब, इथं रूमच तापून राह्यली." मालकानं डोळे वटारले.

काउंटरवरची आणली. एक घोट घेऊन साहेब म्हणाले, "हा तं काढा हाय."

मालकानं मले सगळ्यांसमोर हात जोडाले लावले. साहेबानं ग्लासात बर्फ टाकला.

ज्याले काम समजते त्यानंच माफी मागाची, असं तुमच्याकडंही हाय काय?