इस्त्रीच्या शर्टातला शिपाई

रविवारी वैशाली नगरच्या आमच्या घरी नातवानं टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लावला. चिखल, रक्त, फाटके बूट... "आजी, देख ना, एकदम असली वाटते!" तो म्हणाला. असली होतंच. म्हणूनच मी चहाचं निमित्त करून उठले.

पासष्टची लढाई थांबली तेव्हा मी दहा वर्षांची होते. भिलाईत पोलादाचा प्लान्ट अजून वाढतच होता, बाबा तिथं ब्लास्ट फर्नेसला, लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते. आईचा एकुलता एक भाऊ, शंकरमामा, फौजेत होता. लढाई संपली तरी त्याचं पत्र आलं नव्हतं...

अशात एका संध्याकाळी प्लान्टच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरच्या मैदानावर पडदा बांधून युद्धाचा सिनेमा दाखवला. हीरो तीन दिवस खंदकात लढतो, पण भांग जागच्या जागी आणि शर्टाची इस्त्रीही मोडत नाही!

बाबा खो खो हसले. "आमचा शर्ट तं एका शिफ्टमधे लाल होते! पाठवा रे याले फर्नेसवर." आजूबाजूचे प्लान्टवालेही हसले. लोहखनिजाची ती लाल धूळ आई रोज घासायची, तरी पूर्ण निघायची नाही.

आई मात्र हसली नाही. पडद्यावरची नजर न काढता तिनं हळूच विचारलं, "अवो, आपल्या शंकरचे कपडे बी असेच साफ असतीन का जी?"

बाबांचं हसू तिथंच थांबलं. "असतीन ना. फौजेत धोबी रायते. रोज धुतलेला शर्ट भेटते."

काही दिवसांनी तार आली... मामा गेला होता. मग त्याची काळी ट्रंक आली. आईनं ती उघडली तर सगळ्यात वर एक शर्ट होता. धुतलेला, कडक इस्त्रीचा.

तिनं तो छातीशी धरला आणि बाबांना म्हणाली, "तुमी खरंच सांगत होते जी. साफ होता माझा शंकर."

तो जास्तीचा शर्ट होता, शेवटच्या दिवशी अंगावर असलेला नव्हे. बाबांना ते कळत होतं आणि मलाही. पण आई होती तोवर आम्ही दोघांनी कधी तोंड उघडलं नाही.

आता सिनेमे खरे झालेत, चांगलंच आहे. मला मात्र अजून तो खोटा हीरो हवासा वाटतो... तसाच भांग पाडून मामा दारात उभा राहील असं वाटतं. बाबा, त्या एका खोट्या बोलण्यासाठी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.