एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

मला पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एकच गणित घालायची. आई चिडायची, "तुह्या गणितापायी बिनलग्नाची राह्यशील!" राहीन तर राहीन. गणितात ज्याला मजा वाटत नाही, त्याच्यासोबत जन्म काढायचा म्हणजे शिक्षाच की! आधीचे दोघं "वा, छान" म्हणून पोह्यांकडे वळले होते. मीही त्यांना पोह्यांपाशीच सोडलं.

मग आमच्या मानोऱ्याच्या घरी अनसिंगचे पाहुणे आले. दारात चप्पल काढताना मुलगा अडखळला आणि स्वतःलाच हसला. खरं सांगते, मला तो तिथंच आवडला. त्यामुळे या वेळी गणित घालायची धाकधूक वाटत होती. हाही पोह्यांकडे वळला तर?

मुलाचे मामा धान्याचे अडते. ते म्हणाले, "बाई, तुले काही विचाराचं हाय का पोराले?"

म्हटलं, "एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दोनानं गुणा."

मुलानं मोबाईल काढला. २८५७१४. मग तिनानं, ४२८५७१. १४२८५७ मधलेच सहा आकडे, एकामागे एक त्याच क्रमानं, फक्त सुरुवात वेगळी.

"मोबाईल बिघडला तुहा!" मामा ओरडले. वजनाचा संशय आला की अडते पोतं दुसऱ्या काट्यावर चढवतात. मामांनी तसंच केलं. बाबांचा मोबाईल घेतला, मग माझ्या काकूंचा. चारानं, पाचानं, सहानं गुणलं, तरी आकडे आपले फेर धरून फिरतच होते. "अरे बापा! काय करून राह्यली हे पोरगी?" मामा उभेच राहिले. पोहे गार झाले. स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलंच नाही. मी पदर तोंडात कोंबून हसत होते.

"आता सातानं," मी म्हटलं. ९९९९९९. मामांनी टाळ्याच पिटल्या. माझा खेळ इथंच संपायचा. पण मुलगा मान खाली घालून मोबाईलवर बोटं चालवत होता. गेला हाही, असं मला वाटलं.

"आठानं पाह्यलं का तुमी?" त्यानं विचारलं.

"नाई. काहून?"

"अकरा लाख बेचाळीस हजार आठशे छप्पन्न. समोरचा एक उचला अन् राह्यलेल्यात मिळवा."

मी मनात मिळवला: १४२८५६ अधिक एक. अगं बाई! माझीच संख्या, जशीच्या तशी! इतकी वर्षं ते नऊच नऊ पाहून मी सातावर थांबत आले होते. पुढं काही असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"नवानंबी जमते वाटते," तो पुटपुटला. माझ्याकडे पाहतही नव्हता.

आमच्याकडे होकार मध्यस्थाकडून, चार दिवसांनी कळवतात. मी तिथंच म्हटलं, "बाबा, मले पोरगा पसंत हाय."

आईनं कपाळाला हात लावला. मुलगा कानापर्यंत लाल झाला.

"मलेबी पसंत हाय," तो म्हणाला. "पण थांबा ना, दहा राह्यले."