निराधार लीलाबाई

लीलाबाईंचं आणि माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी जे सांगेन त्यात तिखटमीठ किती आणि खरं किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांच्यामध्ये फक्त नळाचा एक पाइप आहे, आणि त्या पाइपावरूनही आमची दोनदा जुंपली आहे. तरी गेली नऊ वर्षं ही बाई सरकारदरबारी गरीब होती ती माझ्याच सहीनं.

आमचं गाव लोणावळ्याहून औंढ्याच्या पुढं. लीलाबाईंचं माहेर सोमाटण्याचं. तिथं हायवेच्या कडेला त्यांच्या बापाची जमीन होती. ती विकायची ठरली तेव्हा भावांनी बहिणीला बोलावून घेतलं. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीनं हक्कसोडपत्रावर अंगठा करायचा, साडीचोळी घ्यायची आणि डोळे पुसत परत यायचं. लीलाबाई परत आल्या त्या डोळे पुसतच आल्या. हातात हिरवं लुगडं होतं. सगळ्या आळीला सांगितलं की मी वाटा सोडला, भावांपेक्षा जमीन मोठी आहे का मला. बायकांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. आमची ही तर आठवडाभर माझ्या बहिणीला त्यांचा दाखला देत होती.

महिन्याभरानं दुपारी लीलाबाई गिरणीत आल्या. पाच किलो ज्वारी जात्यात पडल्यावर, त्या आवाजात, कमरेच्या पिशवीतून त्यांनी तीन कागद काढले आणि माझ्यापुढं धरले. यात काय लिहिलंय तेवढं वाचा म्हणाल्या. ठेवींच्या पावत्या होत्या. लोणावळ्याच्या बँकेची एक, तळेगावच्या पतसंस्थेची एक, कामशेतच्या पोस्टातली एक. मिळून एकतीस लाख. बाईनं वाटा सोडला नव्हता, मोजून घेतला होता. घेतला त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो हक्काचाच होता. पण मग ते डोळे कशाला पुसले?

मलाच का दाखवलं, असं विचारलं तर म्हणाल्या, तुमी कुणाशी बोलत न्हाई, भाऊ, म्हणून. आणि कैलासला कळता कामा नये. कैलास त्यांचा एकुलता मुलगा, एका रिसॉर्टवर गाडी चालवतो. त्याला कळलं तर तो पैसे मागेल, याच एका भीतीनं त्या झपाटलेल्या होत्या. बरं, कैलास दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. त्याला फक्त घरावर स्लॅब टाकायचा होता.

पासष्टी पुरी झाली तशी लीलाबाईंनी श्रावणबाळच्या सरकारी पेन्शनचा अर्ज केला. वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत, असं दाखवावं लागतं. त्यासाठी तलाठी पंचनामा करतो आणि गावातले दोन पंच सही करतात की होय, या बाईला काही आधार नाही. त्या माझ्याकडे कागद घेऊन आल्या. पावत्या मी फेब्रुवारीत वाचल्या होत्या, सही जूनमध्ये केली. का केली? गावात सही नाकारणं म्हणजे लग्नाचं आवतण नाकारण्यासारखं आहे, पिढ्यान्‌पिढ्या तोंड बघत नाहीत. शिवाय पैसे सरकारचे, माझ्या बापाचे थोडेच जाणार होते. तेव्हा महिन्याला सहाशे मिळायचे, आता पंधराशे मिळतात.

त्या पैशांची त्यांना गरज नव्हती हे मी शपथेवर सांगतो. ते पैसे म्हणजे त्यांचं सोंग होतं. पेन्शन घेणारी बाई, तिच्याकडे काय असणार! कैलास त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायचा, सून स्वतःच्या जुन्या साड्या द्यायची. लीलाबाई त्या साड्यांना ठिगळ लावून नेसायच्या. साडी फाटलेली नसली तरी ठिगळ लावायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वर्षातून एकदा पावत्या नव्या करायला जाताना मात्र एसटीत न बसता सहाआसनीत पुढची जागा धरायच्या.

माझ्या गिरणीत रंजना झाडलोट करते. वरच्या ठाकरवाडीतली. नवरा बंगल्याची पाण्याची टाकी धुताना वरून पडला आणि गेला, त्याला दोन वर्षं झाली. मुलगी करिष्मा सातवीत आहे. शनिवार-रविवार रंजना लोहगडवाडीला जाऊन ट्रेकिंगवाल्या पोरांना भाजलेली कणसं विकते, बाकीचे दिवस मिळेल ते काम करते. लीलाबाईंच्या भातलावणीलाही जायची. रोज चारशेचा ठरलेला, संध्याकाळी हातात साडेतीनशे. मी गरीब विधवा, कुटनं देऊ, असं म्हणायच्या. ते कुणाला, तर रंजनाला.

रंजनाचा निराधार पेन्शनचा अर्ज दीड वर्ष या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. एकदा मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलं, एकदा रेशनकार्ड जुनं निघालं. सगळं जुळवता जुळवता फक्त पंचनामा राहिला होता. आठ दिवसांनी तालुक्याच्या समितीची बैठक होती. त्याआधी कागद गेला तर करिष्माची शाळा सुटणार नव्हती. नाहीतर तिला एका बंगल्यावर धुण्याभांड्याला लावायचं, हे ठरलेलंच होतं. पंच म्हणून रंजनानं माझं नाव दिलं. दुसरे देवळाच्या कमिटीचे निवृत्तीआबा.

याच वर्षी भैरवनाथाचा नवा सभामंडप पुरा झाला. कुणी किती देणगी दिली ते संगमरवरावर कोरून दाराशेजारी लावायचं होतं. लीलाबाईंच्या धाकट्या जावेनं एक्कावन्न हजार दिले. झालं. लीलाबाईंचं जेवण तुटलं. नऊ वर्षं ठिगळं लावणारी बाई, पण जावेचं नाव दगडावर येतं आणि आपलं नाही, हे काही तिच्या पोटात मावेना. त्यांनी एक लाख अकरा हजार एकशे अकरा रुपये दिले. कैलासला सांगितलं, सोमाटण्याच्या मामांनी दिले. पाटीवर मात्र मामांचं नाव घालू दिलं नाही. स्वतःचं घातलं, नवऱ्याच्या स्मरणार्थ, सगळ्यात वर, जावेच्या दुप्पट मोठ्या अक्षरात. कोरणाऱ्याला मोठ्या अक्षरांचे जादा पैसे दिले, तेही रोख.

आणि आमच्या गावाची अक्कल बघा. वादळात चावडीचे पत्रे उडालेले, म्हणून पेन्शनवाल्यांची तपासणी करायला आलेल्या नव्या तलाठी तेजलमॅडमना गावानं कुठं बसवलं, तर सभामंडपात. वारा येतो, फरशी गार आहे, पंखा आहे. टेबल-खुर्ची नेमकी त्या पाटीखाली मांडली. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

म्हातारी माणसं ओळीनं बसली होती. लीलाबाई खास ठिगळाची साडी नेसून आल्या होत्या. माझं आणि आबांचं काम आधी उरकलं. मॅडमनी रंजनाचा पंचनामा लिहिला, आम्ही दोघांनी सह्या केल्या. रंजना पायरीशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी दोन वर्षांत पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो माझ्यामुळं आहे याचा मला अभिमान वाटला.

तेवढ्यात लीलाबाई तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या, "तरणीताठी हाय, हातपाय धड हायेत. सरकारनं हिला कशापायी पोसायचं?"

रंजनानं खाली बघितलं. माझं डोकं सणकलं.

मग लीलाबाईंचा नंबर आला. मॅडमनी नाव लिहून घेतलं, अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला. अंगठा काही लागेना. घासून, पुसून, परत लावून चार-पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात मॅडमनी मान वर केली. पाटी त्यांनी सावकाश वाचली. मग विचारलं, या वरच्या लीलाबाई कोण?

"ती येगळी, मॅडम. आमच्या भावकीतली हाय. मुंबईला असती," लीलाबाई म्हणाल्या. पापणीसुद्धा हलली नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. तुम्ही पंच आहात, शेजारी आहात, हे खरं आहे का? निवृत्तीआबा छताकडे बघू लागले. लीलाबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत विनंती नव्हती. हा बोलणार नाही, अशी खात्री होती. त्या खात्रीचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

"हीच ती," मी म्हणालो. "तीन ठिकाणी ठेवी आहेत. एकतीस लाख."

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. नऊ वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर पडलं. लीलाबाईंचा चेहरा पांढरा पडला आणि मी तो मनसोक्त पाहून घेतला.

मॅडमनी शांतपणे त्यांची जुनी फाइल उघडली. पानं उलटली, एका पानावर थांबल्या, आणि ते पान माझ्यापुढं धरलं. माझी सही. शाई थोडी फिकी झाली होती, पण माझी सही लांबूनही ओळखू येते, मी शेपूट मोठं काढतो. ही तुमचीच ना, त्यांनी विचारलं. मी होय म्हणालो. मग त्यांनी रंजनाचा पंचनामा जवळ ओढला आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली.

"खोटा पंचनामा करणाऱ्याची सही मी वर पाठवू शकत नाही. दुसरा पंच आणा."

दुसरा पंच. निवृत्तीआबांनी तिथल्या तिथं सांगितलं की मला हल्ली नीट वाचता येत नाही, माझंही नाव काढा. पुढचे सात दिवस मी गिरणी बंद ठेवून दारोदार फिरलो. सरपंचाचा भाऊ, डेअरीवाला, शाळेतला शिपाई. सगळे चहा पाजायचे आणि सही म्हटलं की उठायचे. रंजना खरीच निराधार आहे हे साऱ्यांना ठाऊक होतं. पण कागदावर नाव घातलं आणि उद्या चौकशी लागली तर? समितीची बैठक झाली. रंजनाचा कागद त्यात नव्हता. पुढची बैठक कधी, ते कुणीच सांगत नाही.

लीलाबाईंची पेन्शन बंद झाली. घेतलेले पैसे परत भरा अशी नोटीस आली, ते त्यांनी एका चेकनं भरून टाकले. कैलासनं दोन दिवस आरडाओरडा केला. तिसऱ्या दिवशी तो आईला रिसॉर्टच्या गाडीतून लोणावळ्याला डॉक्टरकडे तपासणीला घेऊन गेला. आता त्यांच्या अंगणात स्लॅबची खडी पडली आहे आणि सून त्यांना दुपारचा चहा ओट्यावर आणून देते. चोरी उघडी पडून एखाद्याचं इतकं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही. नव्या साडीत त्या ऐटीत बसतात, आणि गिरणीकडे बघून हसतात.

करिष्मा सोमवारपासून बंगल्यावर जाते.

रंजना नेहमीप्रमाणे झाडायला आली. मी तिला म्हटलं की पीठ जरा जास्त ने. तिनं रोजचं तेवढंच भरून घेतलं. मग मी तिला सगळं समजावून सांगू लागलो, की त्या बाईनं तुला तसं बोलल्यावर माझ्यानं राहवलं नाही, कुणीतरी खरं बोलायलाच हवं होतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. झाडू कोपऱ्यात उभा केला.

"नऊ वर्सं गप बसलात, भाऊ," ती म्हणाली. "आजून येक दिस बसला असता, तर काय झालं असतं?"

आणि ती पिठाची पिशवी घेऊन वाडीच्या वाटेला लागली.