सुखोईची वही

दिघीत गच्चीवर उभं राहिलं, की सुखोई डोक्यावरून असं गरजत जातं की आळंदीपर्यंतच्या म्हशी आटतात. परवा तो आवाज ऐकला आणि भोसरीच्या वर्कशॉपमधला लातूरचा ज्ञानोबा आठवला.

विमान आलं की हा मशीन सोडून बाहेर पळायचा आणि वहीत काहीतरी खरडायचा. माझी शंभर टक्के खात्री, हा हेर! एके दिवशी वही हिसकावून मी थेट सुपरवायझरपुढं ठेवली. "साहेब, देश विकतोय हा! हाकला याला!"

आत सगळी सुखोईची चित्रं. एका सीटचं जुनं, मग दोन सीटचं, मग पुढं छोटे पंख फुटलेलं.

ज्ञानोबा म्हणाला, "साहेब, आपल्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येते ना, तसंच हाय हे. विमान तेच, दर बारीला कायतरी बदलतंय. छंद हाय नुसता."

साहेबांनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "चार नंबर मशीनवर कालपासून जुन्याच रिव्हिजनचा माल निघतोय. सोपानभाऊला एकटं गाठून सांगणे."

सोपान म्हणजे मी, राव, आणि चार नंबर मशीनही माझंच. कालपासूनचा सगळा माल भंगारात जाणार होता, आणि ती वही साहेबांच्या हातात मीच दिली होती.